गणपतीच्या मखरासाठी करवंटीवर फायबर ऑप्टिकचा दिवा: टोकं मिणमिणतात, जास्त वॉटचा एलईडी लावू का?

वॉट वाढवू नका. तुम्ही लिहिलंय की फायबर (प्रकाश वाहून नेणारे प्लास्टिकचे बारीक धागे) कात्रीने कापले, जुडी बांधून ३ वॉटच्या एलईडीला टेकवली, तरी मखरात मधलेच काही ठिपके दिसतात आणि कडेचे विझल्यासारखे. यात दोन चुका आहेत आणि दोन्ही जुडीच्या खालच्या टोकाला आहेत.

पहिली कात्री. तिने प्लास्टिक चिरडतं, टोक दुधाळ होतं आणि प्रकाश आत शिरण्याआधीच विखुरतो. दुसरी चूक टेकवण्याची. या फायबरमध्ये मध्यरेषेपासून साधारण ३० अंशांच्या आत आलेला प्रकाशच टिकतो, बाकीचा बाजूने गळून जातो. एलईडी टेकलेला असला की कडेच्या फायबरना प्रकाश फार तिरका मिळतो. १२ मिमी जाडीच्या जुडीसाठी एलईडी १० मिमी खाली हवा. एवढ्या अंतरामुळे टोकांना आचही लागत नाही. हे दोन्ही नीट केलंत तर १ वॉट पुरतो.

साहित्य: ०.७५ मिमीचं टोकाला उजळणारं फायबर ७० मीटर (३५ सेंमीचे २०० तुकडे), अर्धा इंची सीपीव्हीसी पाइपचा ५ सेंमी तुकडा, १ वॉटचा पांढरा एलईडी, ४ × ४ सेंमी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, ५.६ ओहमचा २ वॉटचा रेझिस्टर आणि मोबाइलचा ५ व्होल्टचा चार्जर. पाइपच्या आतला व्यास साधारण १२ मिमी असतो, त्यात दोनशेच्या आसपास बसतात. शेवटचे चार-पाच ठोकून बसवू नका, मुरडलेल्या जागी फायबर फुटतो आणि तिथे पांढरा ठिपका चमकत राहतो.

जुडी पाइपमध्ये चिकटवायला सावकाश सुकणारं दोन नळ्यांचं इपॉक्सीच वापरा. झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या वाफेने फायबर पांढरे पडतात आणि कडक होऊन तुटतात. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यांचा हातही लावू नका, पुसायला साबणाचं पाणी बास. पावसाळ्यातल्या दमट हवेत इपॉक्सीवर चिकट थर येतो, म्हणून जुडी २४ तास घरातल्या सगळ्यात कोरड्या जागी उभी ठेवा.

आता घासणं. यात घाई केलीत तर बाकीची मेहनत वाया गेली समजा. पाइपखाली दोनेक सेंमी फायबर बाहेर राहू द्या आणि इपॉक्सी पूर्ण घट्ट झाल्यावर नव्या ब्लेडने पाइपच्या कडेशी कापा. काचेच्या तुकड्यावर ४०० नंबरचा वॉटर पेपर ओला करून ठेवा आणि पाइप सरळ उभा धरून इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवा. मग १०००, मग २०००. प्रत्येक वेळी टोक धुवा, नाहीतर आधीच्या कागदाचे कण पुढच्यावर ओरखडे काढतात. शेवटी सुती फडक्यावर थोडी सफेद टूथपेस्ट. तपासायचं असं: वरची टोकं खिडकीकडे धरा आणि खालचं टोक बघा. मधमाश्यांच्या पोळ्यासारखे सगळे ठिपके सारखे उजळ दिसले की झालं. एखादा भाग करडा असेल तर पुन्हा १००० पासून.

वरची टोकं फळीवर ठेवून ब्लेड एकदाच सरळ दाबून कापा, तिरक्या टोकातून प्रकाश बाजूला जातो. तीन-चार सेंमी कमीजास्त ठेवलीत तर झुंबर भरगच्च दिसतं.

करवंटी डोळ्यांच्या बाजूची घ्या. मऊ डोळा गोल कानशीने १६ मिमी करा, पाइप त्यात बरोबर बसतो. करवंटी पालथी, खाली फळी, फळीवर पट्टी आणि तिच्यावर थर्मल पेस्ट (एलईडीची उष्णता पट्टीत नेणारा लेप) लावून एलईडी. करवंटी उष्णता बाहेर जाऊ देत नाही, म्हणून खाली आणि वर मिळून आठ-दहा ६ मिमीची भोकं पाडा. आतून मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा चिकटवा, नाहीतर आत मुंग्या घर करतात.

रेझिस्टर मालिकेत जोडला की सुमारे ०.३२ अ‍ॅम्पिअर प्रवाह जातो. तोही गरम होतो, म्हणून पट्टीला टेकवू नका आणि फायबरपासून लांब ठेवा. देवगडसारख्या खाऱ्या वाऱ्याच्या ठिकाणी प्लगचे सांधे हिरवे पडतात, त्यामुळे तारा थेट डाख देऊन जोडा आणि डाखावर पारदर्शक नेलपॉलिशचा थर द्या. मात्र हे काम पाइप बसवण्याआधी उरका. फायबरमधून ना वीज जाते ना उष्णता, म्हणून टोकं कागदी फुलांत खुशाल सोडा. चार्जर आणि करवंटी मात्र समईपासून दूर, मखराच्या बाहेर. आरतीच्या वेळी लाइट गेलीच तर हाच दिवा पॉवर बँकेवरही चालतो.

रंग बदलणारा हवा असेल तर आपोआप रंग बदलणारा ५ मिमीचा एलईडी १०० ओहमच्या रेझिस्टरने जोडा, पण त्यावर तीसेक फायबरचीच जुडी चालते. त्याचं भिंग प्रकाश आधीच एकवटतं, म्हणून तिथे जुडी जवळजवळ टेकवली तरी चालते.