ओझरचा विमान कारखाना, कांदा निर्यात आणि एकलहरे वीज केंद्र यांवरील प्रश्नांना मंत्र्यांनी दिलेली उत्तरे नाशिककरांना कुठे वाचता येतील?

पहिल्या दोन विषयांवरील उत्तरे संसदेच्या संकेतस्थळावर, सभागृह, मंत्रालय आणि तारीख निवडून, कोणालाही विनामूल्य वाचता येतात. एकलहऱ्याविषयी मात्र विधिमंडळाचे कामकाज पाहावे, कारण ते केंद्र महानिर्मिती या राज्य शासनाच्या कंपनीचे आहे आणि मुख्यतः केंद्र सरकारच्या अखत्यारीत नसलेल्या बाबींवरील प्रश्न लोकसभेच्या नियमांनुसार स्वीकारले जात नाहीत. शोधताना खरी गफलत मंत्रालय निवडण्यात होते. ओझरसाठी संरक्षण मंत्रालय हे सरळ आहे. कांद्याचे तसे नाही. ८ डिसेंबर २०२३ रोजी लागू झालेली आणि ४ मे २०२४ रोजी उठवलेली निर्यातबंदी वाणिज्य मंत्रालयाकडे सापडेल, पण नाफेड या सहकारी संस्थेमार्फत होणाऱ्या राखीव साठ्याच्या खरेदीचा प्रश्न ग्राहक व्यवहार खात्याकडे जातो (लासलगावच्या शेतकऱ्याला ही वाटणी अजब वाटली, तर नवल नाही). लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. अतारांकित प्रश्नाला केवळ लेखी उत्तर मिळते, तर तारांकित प्रश्नाला सभागृहात तोंडी उत्तर दिले जाते आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. म्हणून तारांकित प्रश्न सभागृहात प्रत्यक्ष पुकारला गेला असेल, तर उपप्रश्नांसाठी त्या दिवसाचा कामकाजाचा वृत्तान्तही पाहावा, कारण मंत्र्यांची अडचण बहुधा तेथेच दिसते. एक मर्यादा लक्षात ठेवावी: संरक्षणविषयक उत्तरांत राष्ट्रीय सुरक्षेचे कारण देऊन तपशील नाकारला जाऊ शकतो.