टीव्ही ऐकतो, साउंडबार ऐकत नाही

प्रश्न : युनिव्हर्सल रिमोटवर टीव्ही लगेच सेट झाला, पण साउंडबारचा कोड पुस्तिकेत सापडतच नाहीये, काय करू?

उत्तर : आधी साउंडबारचा मूळ रिमोट मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा, पुढचा दिवा जांभळट चमकला तर तो इन्फ्रारेड आहे, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाने सिग्नल पाठवतो, म्हणजे काम होण्यासारखं आहे, आणि काहीच दिसलं नाही तर सेल बदलून बघा, तरीही नाही तर तो बहुतेक ब्लूटूथवर चालतो, मग साधा युनिव्हर्सल रिमोट कितीही कोड टाकले तरी त्याच्याशी बोलणार नाही. इन्फ्रारेड असेल तर साउंडबार चालू ठेवून युनिव्हर्सल रिमोटवर ऑटो सर्च लावा, म्हणजे तो एकेक कोड आपोआप पाठवून बघतो. इथे घाई अजिबात करू नका, साउंडबार बंद झाला की तिथेच थांबून कोड सेव्ह करायचा, एक जरी पुढे गेलात तर बऱ्याच रिमोटवर परत पहिल्यापासून. आणि पॉवर चालली म्हणून खूश होऊ नका हं, आवाज आणि म्यूटही तपासा, एकाच कंपनीचे बरेच कोड असतात आणि काही अर्धवटच चालतात. युनिव्हर्सल रिमोटला लर्निंगची, म्हणजे मूळ रिमोटचे सिग्नल शिकून घेण्याची, सोय असेल तर दोन्ही रिमोट समोरासमोर ठेवून एकेक बटण शिकवा, मला तरी हाच मार्ग जास्त भरवशाचा वाटतो.