निदान, दावण आणि ऑटिझमचे आकडे

सोलापुरातील एका शिक्षिकेने विचारले आहे की, ‘ऑटिझमचे निदान वाढले’ या मथळ्यातील निदान एकवचनी ठेवावे की ‘निदाने वाढली’ असे लिहावे, आणि त्याच बातमीतला ‘ऑटिझमची साथ’ हा प्रयोग चालेल का. पहिल्याचे उत्तर असे की दोन्ही टाळावे आणि ‘निदान झालेल्या मुलांची संख्या वाढली’ असे सरळ लिहावे. दुसऱ्याचे उत्तर नाही. साथ येते, पसरते आणि ओसरते. पटकीची, गोवराची, डोळे येण्याची साथ असते. मेंदूच्या घडणीतच असलेली आणि बाकावरच्या शेजाऱ्याला न लागणारी गोष्ट साथ कशी होईल? अमेरिकेचे आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी ज्युनियर ऑटिझमला साथ म्हणतात, आणि आपल्या वाहिन्यांनी ते जसेच्या तसे मराठीत आणले, इतकेच.

माझा खरा राग आहे तो व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या तिसऱ्याच वाक्यावर: ‘लसीमुळे मुलाला ऑटिझमचे निदान झाले.’ निदान डॉक्टर करतात; लस कोणाचे निदान करीत नाही. तरीही हे वाक्य कानाला तितकेसे खटकत नाही, कारण निदान या शब्दाच्या पोटातच ‘कारण’ दडलेले आहे, आणि तेथेच या शब्दाची खरी गंमत आहे.

संस्कृतातील ‘दा’ हा धातू आपल्याला देण्याच्या अर्थाने माहीत असतो. पण बांधणे या अर्थाचा दुसरा ‘दा’ही आहे. त्यापासून दाम म्हणजे दोरी, पोटाला दोरी बांधलेला तो दामोदर, आणि दोरी तोडून सुटलेला तो उद्दाम. आपले दावे आणि दावण याच घरातले. निदानही मूळचे दावेच. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलात ‘उदुस्रियाणामसृजन्निदानम्’ असे येते, म्हणजे इंद्राने गायींचे दावे सोडले. सिद्धेश्वराच्या यात्रेतील जनावरांच्या बाजारात बैलांची दावण पाहणाऱ्याला ‘निदान’ समोर दिसत असते, फक्त तो त्याला त्या नावाने ओळखत नाही. जनावर ज्या दोरीने खुंट्याला बांधलेले असते ती धरत गेले की खुंटा सापडतो; म्हणून कार्य ज्याला बांधलेले असते ते कारण, अर्थात निदान. बौद्धांची बारा निदाने हीच, एकाला एक बांधलेली कारणे.

वैद्यकातही आधी हाच अर्थ होता. रोग ओळखण्याची पाच साधने सांगताना आयुर्वेद निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती अशी नावे घेतो; त्यांतले निदान म्हणजे केवळ कारण. यावरून काही शुद्धतावादी मंडळी आग्रह धरतात की रोग ओळखण्याला निदान म्हणणे अशुद्ध आहे, ‘रोगविनिश्चय’ म्हणावे. त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की प्राचीन वैद्य माधवकराने आपल्या ग्रंथाला रोगविनिश्चय हेच नाव दिले होते आणि वैद्यांच्या पिढ्यांनी त्याला माधवनिदान म्हणूनच ओळखले. ज्या लढाईत खुद्द माधवकर हरला, ती आता सोलापूरच्या वाचनालयात बसून जिंकण्याचा हट्ट कशाला?

मात्र या अर्थांतराची किंमत आपण आज मोजतो आहोत. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या पाहणीत आठ वर्षांच्या मुलांपैकी 2000 साली 150 मागे 1, तर 2022 साली 31 मागे 1 मूल ऑटिझमचे आढळले. हे आकडे ओळख पटलेल्या मुलांचे आहेत. पण ऐकणारा ते कारणाचे समजून ‘एवढे वाढले, म्हणजे कशाने तरी वाढले’ असे म्हणतो आणि खुंटा शोधू लागतो. वाढीचे बरेचसे कारण ओळखण्याच्या रीतीतच आहे. मनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 साली वर्णन केलेली मुले मोजकीच होती. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या नियमपुस्तिकेत 1980 साली ऑटिझमला स्वतंत्र जागा मिळाली, 1994 साली ॲस्पर्गर हा त्याचा सौम्य मानला जाणारा प्रकार आत आला आणि 2013 साली सगळे प्रकार एकाच छत्राखाली गेले. तिकडे दीड आणि दोन वर्षांच्या प्रत्येक मुलाची चाचणी करण्याची शिफारसही झाली. आपल्याकडे तर 1995 च्या अपंग कायद्यात सातच प्रवर्ग होते आणि त्यांत ऑटिझम नव्हता. 2016 च्या कायद्याने प्रवर्ग 21 केले, तेव्हा तो आला. त्याआधी सोलापूरच्या मुलाच्या प्रमाणपत्रावर बहुधा ‘मतिमंद’ हाच शब्द पडत असे. सगळीच वाढ कागदावरची आहे असे मात्र मी म्हणत नाही. आई-वडिलांचे वाढलेले वय आणि अपुऱ्या दिवसांची बाळे आता वाचतात, यांचाही काही वाटा असल्याचे संशोधक मानतात. पाच देशांतील सुमारे 20 लाख मुलांच्या 2019 सालच्या अभ्यासात आनुवंशिकतेचा वाटा 80 टक्क्यांच्या आसपास निघाला.

गोवराच्या लसीचा खुंटा ब्रिटिश डॉक्टर अँड्र्यू वेकफील्ड यांनी 1998 साली रोवला, तोही अवघ्या 12 मुलांच्या आधारावर. त्यांचा लेख 2010 साली मागे घेतला गेला आणि त्यांची सनदही गेली. डेन्मार्कमधील 6,57,461 मुलांच्या अभ्यासात गोवराच्या लसीचा आणि ऑटिझमचा संबंध आढळला नाही. तरीही संशय टिकतो, कारण आपल्याकडे गोवर-रुबेलाची दुसरी मात्रा सोळा ते चोवीस महिन्यांत दिली जाते आणि मूल नावाला ओ देत नाही, बोट दाखवून काही मागत नाही, हे घरच्यांच्या लक्षात येण्याचे वयही तेच. पुढे या संशयाला पक्षाचा झेंडा मिळाला. सप्टेंबर 2025 मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी गरोदरपणातल्या पॅरासिटामॉलवर बोट ठेवले आणि नोव्हेंबरात रोगनियंत्रण केंद्राच्या संकेतस्थळावरील लसीविषयीचा मजकूरही संशयाच्या बाजूने बदलला. तिकडे कोण कोणत्या पक्षाचा, यावर कोण कोणते औषध घेणार हे ठरू लागले असेल. पण इकडे सात रस्त्याजवळच्या औषधाच्या दुकानात एक सासूबाई गरोदर सुनेच्या तापासाठी ‘क्रोसिन सोडून काहीही द्या’ असे सांगत होत्या, त्यांना त्या पक्षांची नावेही ठाऊक नसावीत. स्वीडनमधील सुमारे 25 लाख मुलांच्या अभ्यासात सख्ख्या भावंडांची तुलना केल्यावर पॅरासिटामॉलचा संबंध उरला नाही, हे त्यांच्यापर्यंत पोहोचवणारा संदेश कोणी पुढे पाठवीत नाही. ताप मात्र अंगावर काढला तर पोटातल्या बाळाला अपाय होऊ शकतो.

सुश्रुताचे एक वचन आहे: ‘संक्षेपतः क्रियायोगो निदानपरिवर्जनम्’, थोडक्यात उपचार म्हणजे कारण टाळणे. आजच्या अर्थाने वाचले तर ते ‘निदान टाळणे हाच उपचार’ असे होते, आणि पुष्कळ घरांत ते तसेच पाळले जाते. ‘मुलगा उशिरा बोलणारा आहे, त्याचे काकाही असेच होते’ असे म्हणत तीन वर्षे काढली जातात, आणि वाचाउपचार व व्यवसायोपचार ज्या वयात सर्वाधिक उपयोगी पडायचे ते वय निघून जाते. पाचशे माणसांच्या गटात लसीचे निदान दोन मिनिटांत करणारी मंडळी आपल्या मुलाचे निदान मात्र करून घेत नाहीत.

आता ‘निदान एवढे तरी कर’ यातले निदान. कोशांत अंत, शेवट हाही निदानाचा अर्थ आहे आणि हिंदीत निदान म्हणजे अखेर. बांधलेले जनावर दोरीच्या लांबीपलीकडे जाऊ शकत नाही. म्हणून दोरीची हद्द ती अखेर आणि अखेरीचे जे पदरात पडते ते निदान, असा माझा तर्क आहे. वृत्तपत्री ‘किमान’ मला त्यापुढे कोरडे वाटते.

सोलापूरच्या पूर्व भागातील तेलुगू घरांत आणखी एक निदान भेटते. तेलुगूत निदानम् म्हणजे सावकाशी, धीर. धावणाऱ्या मुलाला आई ‘निदानंगा’ म्हणते तेव्हा ती हळू जा असे सांगत असते. कन्नडात हाच शब्द ‘निधान’ असा लिहितात, आणि त्यावरून हे मुळात ठेवणे या अर्थाचे निधान असून दोरीशी त्याचा संबंध नाही, असे मला बजावले जाते. मला ते पटत नाही. दाव्याला बांधलेले जनावर सावकाशच चालते, आणि ‘द’चा ‘ध’ व्हायला कन्नड बोलणाऱ्याच्या जिभेला कोणाची परवानगी लागत नाही. वाद मिटेल तेव्हा मिटेल. तोपर्यंत लहान मुलांच्या तपासणीची पत्रके पूर्व भागात वाटणाऱ्यांनी ‘लवकर निदान’ असे मोठ्या अक्षरांत छापू नये. ‘मुलाला ऑटिझम आहे का, हे दोन वर्षांच्या आत तपासून घ्या’ असे छापावे आणि खाली तेच तेलुगूत द्यावे.