‘हे कशावरून?’ : संशोधनाविषयी वाचकांची पत्रं

या महिन्याच्या टपालात संशोधनाविषयीची पत्रं जास्त आली. माझी उभी नोकरी नागपुरातल्या एका ग्रंथालयाच्या प्रबंध विभागात गेली. पुलांच्या भारापासून ताम्रपटांपर्यंत आणि रक्तक्षयापासून कापसाच्या भावापर्यंत सगळ्या विषयांचे प्रबंध हाताळले, त्यामुळे ही पत्रं वाचताना मनापासून आनंद झाला. जागा आहे तेवढ्या पत्रांना उत्तरं देते.

माझी मुलगी प्राचीन इतिहासात एम.ए. झाली. तिला पीएच.डी. करायची आहे. मोठा मुलगा इंजिनीअर आहे. नातेवाईक तोंडावर विचारतात, ‘दगडं उकरून पोट भरते का?’ तिला काय सांगू? – एक आई, मानेवाडा

ताई, पोटाचं आधी बोलू, कारण तो प्रश्न खरा आहे. इतिहासात कायम नोकऱ्या थोड्या आहेत आणि हे मुलीपासून लपवू नका. पण नेट परीक्षेत जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये मिळतात. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्याही अधिछात्रवृत्त्या आहेत, आणि महाज्योतीचं मुख्य कार्यालय तर आपल्या नागपुरातच आहे. आधी अधिछात्रवृत्तीच्या अटी नीट बघायच्या, मग नोंदणी, असा क्रम तिनं ठेवावा. घरच्या पैशावर पाच वर्षं काढायची वेळ येऊ देऊ नये.

आता दगडांविषयी. काटोल रोडनं बाहेर पडलं की जुनापाणी लागतं. तिथे मोठमोठे दगड गोलाकार मांडलेली तीनशेच्या आसपास शिळावर्तुळं, म्हणजे प्राचीन दफनस्थळं, आहेत. त्याच बाजूच्या माहुरझरीत नागपूर विद्यापीठानं १९७० ते १९७२ या काळात उत्खनन केलं. त्यात माणसांसोबत पुरलेल्या घोड्यांचे अवशेष निघाले, घोड्याच्या डोक्यावर चढवायचे तांब्याच्या पत्र्याचे दागिने निघाले, अकीक-कार्नेलियनचे मणी निघाले. पेंच नदीकाठच्या नैकुंदला लोखंड गाळायची भट्टीच सापडली, इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या आसपासची. भट्टी म्हणजे काय, तर मातीच्या वळणदार विटा, हवा फुंकायच्या नळ्यांचे तुकडे आणि धातुमळी, म्हणजे लोखंड गाळल्यावर उरणारा मळ. आता हे ओळखायचं कोणी? धातुमळीत लोह किती उरलं, भट्टीत उष्णता कुठवर पोचली असेल, हे धातुशास्त्रज्ञच सांगू शकतो. घोड्याचं हाड प्राणिशास्त्रज्ञ वाचतो. जुनापाणीच्या दगडांवर कोरलेल्या वाटीसारख्या खळग्यांच्या दिशा टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या खगोल अभ्यासकांनीही तपासल्या आहेत. तुमचा मुलगा इंजिनीअर आहे ना? बहीण-भावाला एका टेबलाशी बसवा. त्यांना एकमेकांशी बोलायला भरपूर विषय सापडेल.

मुलीला आणखी एक ठिकाण सांगा, रामटेकजवळचं नगरधन. विदर्भातल्या प्राचीन वाकाटक राजघराण्याची राजधानी नंदिवर्धन ती हीच, असं अभ्यासक मानतात. प्रभावतीगुप्ता ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी वाकाटकांकडे सून म्हणून आली आणि नवरा गेल्यावर लहान मुलांच्या नावानं तिनं राज्य चालवलं. हे कशावरून कळलं? ताम्रपटांवरून, म्हणजे तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेल्या दानपत्रांवरून. नागपूरच्या वासुदेव विष्णु मिराशींनी वाकाटकांचे असे सगळे लेख वाचून, तपासून १९६३ साली एका जाड खंडात आणले. ताम्रपट कुठे सापडला, अक्षराचं वळण कोणत्या काळचं, दान दिलेलं गाव आज कोणतं, यातल्या एकेका ओळीमागे त्यांचं कितीतरी दिवसांचं काम आहे. तो खंड हातात घेतला की मला आजही भरून येतं. पुढे २०१५ नंतर नगरधनला पुन्हा खोदकाम झालं आणि प्रभावतीगुप्तेच्या नावाची मातीची मुद्रा जमिनीतून निघाली. कागदावर तर्कानं मांडलेली राणी तिच्या गावच्या मातीत सापडली. एवढं सगळं घरापासून तासा-दीड तासावर असताना ज्या मुलीला ते शोधावंसं वाटतं, तिला अडवू नका.

मी सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी सर म्हणतात, ‘नवीन काहीतरी कर.’ जे शोधावं ते कुणीतरी केलेलंच असतं. नवीन म्हणजे एआय असलंच पाहिजे का? – एक विद्यार्थी, हिंगणा रोड

नाही रे, तसं काही नाही. तुझ्या शहरातच नेहरू मार्गावर नीरी, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, आहे. १९५८ मध्ये ती सुरू झाली तेव्हा तिच्या नावात ‘सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी’ हे शब्द होते. नीरी हे नाव १९७४ पासूनचं. तिथल्या संशोधकांनी पाण्यातलं फ्लोराइड काढायची नलगोंडा पद्धत बसवली. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या कित्येक बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेलेलं पाणी वर्षानुवर्षं प्यायलं की दातांवर तपकिरी पट्टे येतात, पुढे हाडं आखडतात. यावरची नलगोंडा पद्धत बादलीतसुद्धा करता येते. पाण्यात चुना आणि ब्लीचिंग पावडर घालायची, तुरटीचं पाणी घालून ढवळायचं, गाळ बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी गाळून घ्यायचं.

यात संशोधन कुठे आलं, असं तू विचारशील. ते आहे मापात. तुरटी किती घालायची हे फ्लोराइडवर ठरतं, तसंच त्या पाण्याच्या क्षारतेवरही (अल्कलिनिटीवरही) ठरतं. म्हणून एका गावचं माप दुसऱ्या गावाला चालत नाही. खेड्यातल्या बाईला रोज प्रयोगशाळा परवडणार नाही, तेव्हा तिला वापरता येतील असे तक्ते कुणीतरी अनेक नमुने तपासून बसवावे लागतात. आणि ‘केलेलंच आहे’ म्हणतोस, तर खाली बसलेला फ्लोराइडचा गाळ टाकायचा कुठे, पाण्यात ॲल्युमिनियम उरतं त्याचं काय, रोज ढवळायचा कंटाळा येऊन चार महिन्यांत घरं हे सोडून का देतात? यातला एकेक प्रश्न घेऊन एकेक प्रकल्प होईल. शेवटच्या प्रश्नासाठी तर तुला लोकांच्या ओट्यावर बसून बोलावं लागेल. सिव्हिलच्या मुलांना हे कुणी शिकवत नाही, याचं मला वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट, मोजण्याच्या यंत्रावर डोळे मिटून विसंबू नकोस. ३० मे २०२४ ला रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश तापमान दाखवलं आणि देशभर बातमी झाली. त्याच दिवशी इतर काही केंद्रं ४४ च्या आसपास होती. हवामान खात्यानं तपासलं तेव्हा संवेदकाच्या (सेन्सरच्या) सर्किटमध्ये बिघाड निघाला. आकडा दिसला की आधी शेजारच्या आकड्याशी ताडून बघायचं आणि मगच वहीत लिहायचं. तुझ्या प्रकल्पात एवढं पाळलंस, तरी परीक्षकाला फरक कळेल.

आमच्या समाजात सिकलसेल आहे. माझं लग्न ठरतंय. मोबाइलवर एक मजकूर आला आहे : ‘संशोधनानं सिद्ध, अमुक काढ्यानं ३० रुग्णांचं दुखणं थांबलं.’ विश्वास ठेवावा का? – एक तरुण, गडचिरोली जिल्हा

दादा, लग्नाचं आधी. सिकलसेल हा आईवडिलांकडून मुलांत येणारा रक्ताचा आजार. तुमची आणि मुलीची, दोघांचीही रक्ततपासणी लग्नापूर्वी करा. गावात होते ती सोल्युबिलिटी टेस्ट फक्त सिकल हिमोग्लोबिन आहे की नाही एवढंच सांगते. माणूस नुसता वाहक आहे की आजारी, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी करावी लागते. अहवालावर एएस लिहिलं असेल तर वाहक, एसएस असेल तर आजार. दोघंही वाहक असाल तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के. पहिलं मूल निरोगी झालं म्हणून दुसऱ्या वेळची शक्यता बदलत नाही, हे अनेकांना माहीत नसतं. वाहक असणं हा दोष नाही आणि आजारही नाही. समुपदेशकाशी दोघांनी मिळून बोला, एकट्या मुलीला पुढे करू नका.

आता काढ्याविषयी. सिकलसेलचं दुखणं लाटेसारखं येतं आणि जातं. माणूस काढा घेतो कधी? दुखणं अगदी टिपेला पोचतं तेव्हा. त्यानंतर ते आपोआपही उतरणारच असतं. म्हणून ‘३० जणांना बरं वाटलं’ एवढ्यावरून काहीच ठरत नाही. काढा न घेतलेल्या तशाच ३० जणांचं त्या दिवसांत काय झालं, हे मजकुरात कुठे लिहिलंय का बघा.

हायड्रॉक्सीयुरिया हे औषध आज डॉक्टर देतात, ते कसं ठरलं ते ऐका. अमेरिकेत २९९ प्रौढ रुग्ण घेतले. कुणाला औषध आणि कुणाला तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. रुग्णालाही ठाऊक नव्हतं आणि डॉक्टरलाही. बिनऔषधाच्या गटात दुखण्याचे झटके वर्षाला साधारण साडेचार, औषधाच्या गटात अडीच. निकाल इतका स्पष्ट होता की प्रयोग ठरल्या वेळेआधीच थांबवला आणि १९९५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. पण अमेरिकेतली मात्रा आपल्या मुलांना तशीच लागू पडेल कशावरून? म्हणून नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ६० मुलांवर कमी आणि ठरावीक मात्रेचा, किलोमागे १० मिलिग्रॅमचा, असाच दोन गटांचा अभ्यास झाला. तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्या कमी मात्रेतही मुलांचं दुखणं घटलं. मेडिकलच्या ओपीडीत गडचिरोली-भंडाऱ्याहून रात्रभर प्रवास करून आलेल्या आया मुलाला मांडीवर घेऊन बसलेल्या मी पाहिल्या आहेत. आपल्याकडचा अभ्यास त्यांच्यासाठी किती मोलाचा आहे हे शब्दांत सांगणं अवघड आहे. तुमच्या घरात कुणाला हे औषध चालू असेल तर काढ्याच्या नादानं बंद करू नका. रक्त तपासत, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ते घ्यायचं असतं.

मी बँकेतून निवृत्त झालो. विदर्भाच्या अनुशेषावर इतक्या समित्या झाल्या, प्रत्येकीचे आकडे निराळे. एकाच जिल्ह्याचं चित्र दर वेळी बदलतं. मग अर्थशास्त्राला शास्त्र कसं म्हणायचं? – एक वाचक, धरमपेठ

काका, तुमचा राग मला समजतो, कारण या आकड्यांवर आपली धरणं आणि शाळा अवलंबून राहिल्या. हा अनुशेष, म्हणजे विकासातली तूट, मोजायला दांडेकर समिती १९८३ मध्ये नेमली गेली. रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य, पाणी अशी क्षेत्रं धरून, राज्याच्या सरासरीपेक्षा कोणता जिल्हा किती मागे आहे ते तिनं मोजलं आणि ती तूट भरायला लागणारा पैसा काढला. एकूण ३,१८६.७८ कोटी रुपये. त्यातला विदर्भाचा वाटा १,२४६.५५ कोटी, मराठवाड्याचा ७५०.८५ कोटी आणि उरलेल्या महाराष्ट्राचा १,१८९.३८ कोटी. बेरीज करून पाहा, जुळते. बँकेतल्या माणसाला ते आवडेल.

पण या बेरजेआधी एक निवड झालेली असते. तूट कशाशी मोजायची? गडचिरोलीचं उदाहरण घ्या. २०११ च्या जनगणनेत तिथे चौरस किलोमीटरमागे ७४ माणसं होती, नागपूर जिल्ह्यात ४७०. रस्त्यांची लांबी माणसांमागे मोजली तर गडचिरोली बरा दिसेल, क्षेत्रफळामागे मोजली तर मागास दिसेल. दोन्ही आकडे खरे. अहेरीच्या आत राहणाऱ्या गरोदर बाईला दवाखाना किती लांब, हा प्रश्न मनात धरला तर मी क्षेत्रफळाच्या बाजूनं उभी राहीन. प्रामाणिक अर्थतज्ज्ञ आपण कोणतं माप निवडलं आणि का, हे पहिल्या पानांतच सांगतो. दांडेकर समितीनं राज्याची सरासरी हे माप उघड सांगितलं, म्हणूनच पुढच्यांना त्यावर वाद घालता आला. वर्तमानपत्रात फक्त शेवटचा आकडा येतो. तुम्ही अहवालाचा मापाविषयीचा भाग मागवून वाचा, तुमच्यासारख्या माणसानं तो वाचायलाच हवा.

आम्ही तालुक्याच्या गावी राहतो. प्रबंध वाचायला कुठे मिळतील? – दोन शिक्षिका, उमरेड

मोबाइलवर ‘शोधगंगा’ उघडा, फुकट आहे. देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध तिथे प्रकरणवार ठेवलेले असतात, मराठीतलेही. पहिल्यांदा पद्धतीचं प्रकरण उघडा, निष्कर्ष नंतर. जुन्या प्रबंधांसाठी मात्र ग्रंथालयात यावं लागतं. आधी फोन करून प्रबंध जागेवर आहे का विचारून घ्या, हेलपाटा वाचेल.

‘तीन दिवसांत लेख छापून देतो, फी भरा,’ असा निरोप एका नियतकालिकाकडून आला आहे. पीएच.डी.साठी लेख लागतोच ना? – एक संशोधक, वर्धा

पैसे भरू नका. तीन दिवसांत कुठलाही जाणकार तुमचा लेख नीट वाचून शेरे देऊ शकत नाही. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या नियमांत प्रबंध सादर करण्याआधी लेख छापलाच पाहिजे अशी सक्ती राहिलेली नाही. तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम मात्र मार्गदर्शकांकडून लेखी विचारून घ्या. यूजीसीची मान्य नियतकालिकांची केअर यादीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली आहे, तेव्हा ‘आम्ही केअर यादीत आहोत’ असं कुणी आज सांगत असेल तर तिथेच थांबा. त्या नियतकालिकाचे मागचे दोन अंक मागवा, संपादक मंडळातल्या एखाद्या प्राध्यापकांना त्यांच्या महाविद्यालयाच्या पत्त्यावर पत्र टाका आणि आपलं नाव तिथे आहे हे त्यांना ठाऊक आहे का, ते विचारा.