ट्रॅकवरचा सराव फसला, की तयारीच फसली?

लांब पल्ल्याच्या धावपटूंकडून समुपदेशनात वारंवार ऐकू येणारी एक चिंता अशी असते: "शर्यत तोंडावर आली असताना ट्रॅकवरचा महत्त्वाचा सराव मला पूर्ण करता आला नाही, म्हणजे आजवरची मेहनत वाया गेली का?" यावर 'असे काही नसते' एवढे सांगून कोणाचेही समाधान होत नाही, कारण विचारणाऱ्याच्या हातात स्टॉपवॉचचे आकडे असतात आणि ते खरे असतात. म्हणून एका धावपटूच्या अनुभवाच्या आधारे याचे उत्तर जरा सविस्तर मांडत आहे. तिची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

१०,००० मीटरची शर्यत ४० मिनिटांच्या आत संपवण्याचे तिचे उद्दिष्ट होते, म्हणजे ४०० मीटरच्या ट्रॅकवर २५ फेऱ्या आणि प्रत्येक फेरी सरासरी ९६ सेकंदांपेक्षा कमी वेळात. शर्यतीला सहा आठवडे उरले असताना प्रशिक्षकांनी तिला हजार मीटरची सहा आवर्तने दिली. प्रत्येक आवर्तन ३ मिनिटे ५० सेकंदांत आणि मध्ये तीन मिनिटे हळू धावणे. पहिली दोन तिने ३:४४ आणि ३:४५ ला संपवली, तिसरे ३:५२ ला, चौथे ४:०३ ला, आणि पाचव्यात दोन फेऱ्या झाल्यावर ती ट्रॅकबाहेर येऊन थांबली. बरोबरच्या दोघींनी सहाही आवर्तने पूर्ण केली. प्रशिक्षकांनी 'आज एवढे पुरे' म्हणून विषय संपवला, पण तिच्या मनात तो संपला नव्हता. एक दिवस जाऊ देऊन ती एकटीच ट्रॅकवर गेली आणि तोच सराव पुन्हा करू लागली. या वेळी तिसऱ्याच आवर्तनात पोटरी आखडली. त्यानंतर ट्रॅकच्या सरावाच्या आदल्या रात्री तिला झोप लागेनाशी झाली, तेव्हा ती माझ्याकडे आली.

पहिल्या भेटीत ती म्हणाली, "मी मुळातच या वेगाची नाही. इतके महिने उगाच स्वतःची समजूत घालत होते." मी ते खोडून काढण्याचा प्रयत्न केला नाही. घाईने दिलेला धीर अशा वेळी माणसाला आणखी एकटे पाडतो, असे मला वाटते. आपले दुःख ऐकूनच घेतले गेले नाही, एवढेच त्याला त्यातून कळते. मी तिला कागदाच्या डाव्या बाजूला फक्त घडलेल्या गोष्टी आणि उजव्या बाजूला त्यांवरून काढलेले निष्कर्ष लिहायला सांगितले. 'चौथे आवर्तन १३ सेकंद उशिरा' हे डावीकडे आले आणि 'माझ्यात क्षमता नाही' हे उजवीकडे. दोन्ही वाक्ये तिने तोवर एकाच दमात उच्चारली होती.

अपयशाचे कारण आपण कायमचे मानतो की त्या प्रसंगापुरते, आणि ते बदलणे आपल्या हातात आहे असे समजतो की नाही, यावर पुढची उमेद अवलंबून असते, अशी मांडणी बर्नार्ड वायनर या मानसशास्त्रज्ञाने केली आहे. तिने निवडलेले कारण कायमचे होते आणि तिच्या दृष्टीने हाताबाहेरचेही होते. म्हणून आम्ही तिची सरावाची वही उघडली आणि इतर कारणे शोधू लागलो. दोनच दिवस आधी ती लांब अंतर धावली होती आणि नंतर तिचे जेवण अपुरे झाले होते. स्नायूंमधला ग्लायकोजेनचा, म्हणजे ऊर्जेसाठी साठवलेल्या कर्बोदकांचा साठा भरून यायला पुरेसा आहार घेतला तरी साधारण एक दिवस किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. संध्याकाळ उष्ण आणि दमट होती, आणि अशा हवेत शरीर थंड ठेवण्यासाठी रक्ताचा मोठा वाटा त्वचेकडे वळत असल्यामुळे त्याच वेगाला हृदयाचे ठोके वाढतात. शिवाय पहिली दोन आवर्तने तिने ठरलेल्या वेळेपेक्षा पाच-सहा सेकंद लवकर संपवली होती. त्या दोघींच्या पुढे राहायचे होते, हे तिने बऱ्याच वेळाने सांगितले.

ही कारणे मी तिला सबबी म्हणून दिली नाहीत. सहनशक्ती ही अनेक आठवड्यांत हृदय, केशवाहिन्या आणि स्नायूपेशी यांमध्ये होणाऱ्या बदलांतून घडते. ती एका संध्याकाळी नाहीशी होत नाही, तशीच एका संध्याकाळच्या हट्टाने परतही आणता येत नाही. पहिल्या सरावाने तिचे फारसे काही बिघडले नव्हते. नुकसान केले ते तोच हिशेब चुकता करण्यासाठी, थकल्या पायांनी केलेल्या दुसऱ्या सरावाने. फसलेल्या सरावानंतरचे दोन दिवस मला त्या सरावापेक्षा महत्त्वाचे वाटतात ते यामुळेच.

तिला सर्वांत जास्त टोचत होते ते मध्येच थांबणे. त्यामुळे प्रशिक्षकांशी बोलून आम्ही थांबण्याचा नियम आधीच लिहून ठेवला: सलग दोन आवर्तने ठरलेल्या वेळेपेक्षा पाच सेकंदांहून अधिक मागे पडली, किंवा कुठेही टोचणारे दुखणे सुरू झाले, तर सराव तिथेच थांबवून हळू धावत शरीर निववायचे आणि पुढचा कठीण सराव किमान दोन हलक्या दिवसांनंतरच करायचा. थांबणे हा थकव्याच्या भरात लागलेला डाग न राहता शांत डोक्याने घेतलेला निर्णय व्हावा, असा त्यामागचा हेतू होता. घड्याळाच्या जोडीला स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांची ६ (काहीच कष्ट नाहीत) ते २० (कमाल कष्ट) अंकांची श्रमाची मोजपट्टीही तिने वापरायला घेतली. प्रत्येक आवर्तनानंतर वेळ पाहण्याआधी आपल्याला किती कष्ट पडले याचा अंक तिने सांगायचा, असे ठरले. पहिल्याच आवर्तनाला १७ किंवा १८ वाटत असेल, तर त्या दिवशी वेग कमी करणे शहाणपणाचे असते.

मात्र प्रत्येक खराब सराव मनाच्या किंवा हवामानाच्या खाती टाकणेही धोक्याचे आहे. दोन-तीन आठवडे सतत पाय जड वाटत असतील, सकाळची विश्रांतीची नाडी नेहमीपेक्षा वाढलेली राहत असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, किंवा पाळी अनियमित झाली वा थांबली असेल, तर आधी डॉक्टरांकडे जावे आणि हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनचीही (शरीरातला लोहाचा साठा दाखवणाऱ्या प्रथिनाची) तपासणी करण्याविषयी त्यांना विचारावे. खर्च होणाऱ्या ऊर्जेच्या मानाने आहार कमी पडल्यामुळे खेळाडूंच्या शरीरावर होणाऱ्या अशा परिणामांकडे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये स्वतंत्र निवेदन काढून लक्ष वेधले होते. माझ्याकडे आलेल्या या धावपटूच्या तपासण्या ठीक निघाल्या, आणि त्या झाल्यानंतरच मी मनाच्या बाजूने पुढचे काम सुरू केले.

पोटरी पूर्ण बरी झाल्यावर तिला पुन्हा हजार मीटरची आवर्तने मिळाली. पहिली दोन तिने ३:५१ ला ठेवली, बरोबरच्या मुली पुढे गेल्या तरी. पाचवे आणि सहावे ३:५७ आणि ३:५८ ला गेल्यावर, नियमाप्रमाणे सराव आता थांबवायचा का, असे तिने प्रशिक्षकांना विचारले. सहा आवर्तने झालीच होती, हे तिच्या लक्षातच आले नव्हते. ट्रॅकच्या आदल्या रात्रीची बेचैनी अजून पूर्णपणे गेलेली नाही आणि त्यावर आमचे काम चालू आहे, पण त्या सरावाच्या दुसऱ्या दिवशी ती ठरल्याप्रमाणे हलकेच धावली आणि संध्याकाळी ट्रॅकवर गेली नाही.