पाइप बदला, टाइल्सचं नंतर पाहू

प्रश्न, थोडक्यात: कोथरूडमध्ये १९८७ साली बांधलेल्या इमारतीत आम्ही तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावर राहतो. सोळा फ्लॅट, लिफ्ट नाही. जीआयचे (जस्ताचा थर दिलेले लोखंडी) पाइप सडले आहेत. सकाळी पहिलं पाणी तांबडं येतं, बाथरूममध्ये धार नाही. बाहेरच्या लाइन बदलायला सोसायटीने ७ लाख २० हजारांचं कोटेशन घेतलं आहे आणि प्रत्येकाकडून ४५,००० मागितले आहेत. सोसायटीकडे ११ लाखांच्या एफडी आहेत, पण कमिटी म्हणते ते रिडेव्हलपमेंटसाठी ठेवू. घरातल्या लाइन बदलायचं वेगळं कोटेशन ३ लाख ६० हजारांचं आहे. भिंत न फोडता उघड्यावरून पाइप टाकले तर ७०,०००. मी निवृत्त शिक्षिका, पेन्शन ३८,०००. यजमान ६६ वर्षांचे, त्यांना पेन्शन नाही. त्यांचे २२ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत (जून २०२३ पासून), दोघांच्या मिळून ९ लाखांच्या एफडी, म्युच्युअल फंडात साडेसहा लाख, बचत खात्यात १ लाख ४० हजार. यजमानांचं म्हणणं योजनेतले पैसे काढू. मुलगा म्हणतो पर्सनल लोन घ्या. यजमानांचे गुडघे दुखतात, आणि एक संडास अजून भारतीय पद्धतीचा आहे. काय करावं?

ताई, पैसे कुठून काढायचे हे तुम्ही विचारलंत, पण त्याआधी काढायचे किती हे ठरायला हवं. ३ लाख ६० हजारांच्या कोटेशनची फोड तुम्ही सोबत पाठवलीत हे फार बरं केलंत. पाइप, फिटिंग आणि प्लंबरची मजुरी ८५,०००. तोडफोड, राडारोडा आणि वॉटरप्रूफिंग ७५,०००. टाइल्स आणि बसवणूक १ लाख १० हजार. मिक्सर, कमोड, बेसिन ९०,०००. म्हणजे पाइपांचा खर्च पाव हिश्शाहूनही कमी आहे, उरलेलं सगळं बाथरूमचं नूतनीकरण. ते करू नये असं मी म्हणत नाही. पण ते पाइपांच्या नावाखाली, घाईने आणि निवृत्तीच्या पैशांतून होऊ नये.

आता एक बिनखर्चाचं काम. प्लंबरला बोलवा आणि तुमच्या फ्लॅटमध्ये लाइन शिरते तिथला व्हॉल्व्ह सोडवून पाणी बादलीत घ्यायला सांगा. तिथे जोरदार धार आली आणि आत नळाला आली नाही, तर दोष घरातल्या लाइनचा. तिथेच धार बारीक असेल तर बाहेरची डाउनटेक, म्हणजे गच्चीवरच्या टाकीतून खाली येणारी लाइन तुंबली आहे. दोन्ही ठिकाणी पाणी तसं बरं आणि फक्त शॉवरला जोर नाही, तर तिसरंच कारण असू शकतं. पाण्याची उंची दहा मीटर असेल तेव्हा नळाला साधारण एक किलो दाब मिळतो. तुम्ही शेवटच्या मजल्यावर. गच्चीवरच्या टाकीचं पाणी तुमच्या शॉवरपेक्षा दोन-तीन मीटरच वर असेल. तळमजल्यावर जी धार पडते ती तुमच्याकडे नवे पाइप टाकूनही पडणार नाही. लाखभर खर्चून वर पुन्हा प्रेशर पंप बसवावा लागला, असं शेवटच्या मजल्यावर होतं, म्हणून आधीच सांगतो.

तांबड्या पाण्याबद्दल मात्र शंका नको. जीआय पाइपचा जस्ताचा थर गेला की आत गंज धरतो, पाणी रात्रभर थांबतं आणि सकाळी तो रंग घेऊन बाहेर येतं. गंजाच्या गाठींनी आतला भोकाचा व्यास कमी होत जातो. चाळीशीकडे झुकलेल्या इमारतीत यात नवल काहीच नाही. आणि हेही लक्षात घ्या: सोसायटीने बाहेरची लाइन नवी केली आणि तुम्ही आतली जुनीच ठेवली, तर नव्या जोराने आतला गंज सुटून तुमच्या मिक्सरच्या जाळ्यांत आणि गिझरमध्ये जाऊन बसेल. म्हणून दोन्ही कामं एकाच हंगामात करावीत. प्रश्न फक्त आतलं काम भिंत फोडून करायचं की उघड्यावरून.

त्याचं उत्तर इमारत अजून किती वर्षं उभी राहणार यावर आहे. राज्य सरकारच्या ४ जुलै २०१९ च्या निर्णयानुसार पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती लागते. पण संमती म्हणजे काही बिल्डरचा ट्रक दारात नव्हे. विशेष सर्वसाधारण सभा, आर्किटेक्ट किंवा सल्लागार नेमणं, व्यवहार्यता अहवाल, निविदा, निबंधकांच्या प्रतिनिधीसमोर बिल्डरची निवड, करारनामा, महापालिकेची मंजुरी, आणि मग घर रिकामं करणं. तुमच्याकडे अजून पहिला ठरावही नाही. त्यामुळे चार-पाच वर्षं इथेच काढायची असं धरून चालावं. तेवढ्या काळासाठी ३ लाख ६० हजार घातले तर पाच वर्षांच्या हिशेबाने वर्षाला ७२,००० पडतात. उघड्या लाइनचे ७०,००० घातले तर वर्षाला १४,०००. आणि बिल्डर इमारत पाडेल तेव्हा तुमच्या नव्या टाइल्सची किंमत तो देणार नाही.

उलट पुनर्विकास बारगळला आणि इमारत अजून वीस वर्षं राहणार असं ठरलं, तरी उघड्या पाइपांमुळे तुमचं काही अडत नाही. पुढे बाथरूम करताना तेच पाइप भिंतीत घेता येतात किंवा ड्राय बाल्कनीच्या बाजूने तसेच ठेवता येतात. दिसायला बरं नाही हे खरं. पण त्याचा एक फायदा असा की गळती झाली तर ती दिसते. भिंतीतली गळती खालच्या मजल्यावरच्या छताला पोपडे आल्यावर कळते, आणि लाइन तुमच्या घरातली असेल तर दुरुस्तीचा खर्च तुमच्याच माथी. तुमच्या इमारतीचं वय ३० वर्षांच्या पुढे गेलं आहे, म्हणजे उपविधींप्रमाणे (सोसायटीच्या नियमांप्रमाणे) दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी व्हायला हवी. शेवटचा अहवाल कमिटीकडून मागून घ्या. त्यात कॉलम-स्लॅबबद्दल काय लिहिलंय, ते तुमच्या टाइल्सच्या निर्णयाला मुलाच्या मतापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

यजमानांच्या गुडघ्यांचा मुद्दा वेगळा, आणि तिथे मी काटकसर सांगणार नाही. संडास बदला, हाताला धरायला पक्के दांडे बसवा, त्या एका जागेची फरशी न घसरणारी करा. भिंतींच्या टाइल्स राहू द्या. याचं स्वतंत्र कोटेशन मागवा, लाखाच्या आत बसवा. मुलाला मदत करायचीच असेल तर हे काम त्याच्याकडे द्या; मुलाने आईवडिलांना दिलेल्या पैशांवर घेणाऱ्याला आयकर लागत नाही.

आता सोसायटीकडे वळू, कारण खरा पैसा तिथे वाचतो. आदर्श उपविधींत बाहेरच्या पाण्याच्या लाइन, पंप आणि टाक्या यांची दुरुस्ती सोसायटीने स्वतःच्या खर्चाने करायची आहे. त्यासाठी दुरुस्ती व देखभाल निधी असतो. दर वर्षी प्रत्येक फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के. सिंकिंग फंडासाठी, म्हणजे मोठ्या दुरुस्तीच्या राखीव निधीसाठी, किमान ०.२५ टक्के. ही टक्केवारी मूळ बांधकाम खर्चावर असते. फ्लॅटचा तेव्हाचा बांधकाम खर्च एक लाख धरला तर दुरुस्ती निधीत वर्षाला ७५० रुपये जमतात. सर्वसाधारण सभेने दर वाढवला नसेल तर मोठ्या कामाच्या वेळी सगळे एकमेकांकडे बघत बसतात. तुमच्या सोसायटीने ११ लाख साठवले म्हणजे कोणीतरी शहाणपणाने दर वाढवले होते.

तो पैसा रिडेव्हलपमेंटसाठी राखायचा ही कल्पना मला पटत नाही. नवी इमारत बिल्डर बांधतो. सोसायटीला लागतात ते सल्लागार, वकील आणि अहवालाचे पैसे. त्यासाठी सगळे ११ लाख अडवून ठेवायची गरज नाही. तुम्ही लिहिलंय की त्यातले ४ लाख २० हजार दुरुस्ती निधीचे आणि बाकी सिंकिंग फंडाचे. सिंकिंग फंड राहू दे. तो मोठ्या, आर्किटेक्टने प्रमाणित केलेल्या दुरुस्तीसाठी सभेच्या ठरावानेच वापरायचा असतो. पण दुरुस्ती निधीतून ४ लाख काढले तर ३ लाख २० हजार उरतात, फ्लॅटमागे २०,०००. हा प्रस्ताव लेखी द्या आणि पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यायला लावा. जिन्यात उभं राहून बोललेलं इतिवृत्तात येत नाही.

एक गोष्ट तुम्हाला कदाचित आवडणार नाही. तुमच्या इमारतीत निम्मे फ्लॅट वनबीएचके आहेत आणि तुमचा टूबीएचके, दोन संडास-बाथरूमचा. सगळ्यांना समान ४५,००० ही वाटणी तुमच्या सोयीची आहे. दुरुस्ती निधी मात्र बांधकाम खर्चाच्या प्रमाणात गोळा होतो, म्हणजे मोठ्या फ्लॅटला जास्त. वनबीएचकेवाल्यांनी हरकत घेतली तर ती रास्त असेल. त्यावरून सभा दोन महिने लांबवू नका. चार-पाच हजार जास्त गेले तरी चालतील.

तर तुमचा खर्च: सोसायटीला २०,००० (प्रस्ताव फेटाळला तर ४५,०००), घरातली उघडी लाइन ७०,०००, संडासाचं काम लाखभर. दोन लाखांच्या आसपास.

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेला हात लावायचा नाही. त्या खात्यातून थोडे पैसे काढता येत नाहीत, पूर्ण खातंच बंद करावं लागतं. दोन वर्षं उलटून गेल्यावर बंद केलं तर मुद्दलाच्या एक टक्का कापतात, म्हणजे तुमचे २२,००० तिथेच गेले. शिवाय ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला येणारे ४५,१०० थांबतील. यजमानांना पेन्शन नाही. तीच त्यांची पेन्शन आहे. दोन लाखांसाठी २२ लाखांची घडी मोडायची नाही.

पर्सनल लोनही नको. ३ लाख ६० हजार १२ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतले तर हप्ता १२,००० च्या जरा खाली येतो आणि एकूण व्याज ७०,००० च्या पुढे जातं. उघड्या लाइनचं अख्खं काम त्या व्याजात होतं! हप्ता मुलगा भरेल हे ठीक, पण कर्ज तुमच्या नावावर असेल. घरदुरुस्तीच्या कर्जाच्या व्याजावर जुन्या करपद्धतीत वर्षाला ३०,००० पर्यंत वजावट मिळते, असं कोणी सांगेल. वर्षाला ४ लाख ५६ हजारांच्या पेन्शनवर नव्या पद्धतीत तुम्हाला करच भरावा लागत नाही, तेव्हा ती वजावट घेऊन करायचं काय?

तुमची ४ लाखांची दोन वर्षांची एफडी चार महिन्यांत पिकते आहे, दर ७.१ टक्के. ती आज मोडली आणि बँकेने एक टक्का दंड लावला तर साडेसहा हजारांच्या पुढे नुकसान. त्याऐवजी तिच्यावर ७०,००० चं ओव्हरड्राफ्ट, म्हणजे एफडी तारण ठेवून बँकेकडून उचल घ्या. बहुतेक बँका एफडीच्या दरापेक्षा साधारण एक टक्का जास्त लावतात. चार महिन्यांचं व्याज १,९०० च्या आत, आणि एफडी तिकडे व्याज कमावतच राहते. फरक अडीचशे रुपयांच्याही आत. सोसायटीचे पैसे बचत खात्यातून द्या, पण तिथे लाखाच्या खाली फार जाऊ नका, रात्री-बेरात्री दवाखाना लागला तर हाताशी हवेत. एफडी पिकली की ओव्हरड्राफ्ट फेडा, संडासाचं काम करा आणि उरलेले सव्वादोन लाखांच्या आसपास पुन्हा ठेवून द्या. म्युच्युअल फंड असू दे. पुनर्विकास झाला नाही आणि दोन-तीन वर्षांनी बाथरूम करायचंच ठरलं तर त्यातून काढता येईल. इक्विटी फंडावर वर्षात सव्वा लाखापर्यंतचा दीर्घकालीन नफा करमुक्त असतो, म्हणून तेव्हा दोन आर्थिक वर्षांत विभागून काढा.

विम्याकडून यातलं काही मिळेल ही आशा नको. भारत गृह रक्षासारख्या पॉलिसीत पाइप फुटून झालेल्या नुकसानीला संरक्षण असतं. झिजून सडलेले पाइप बदलण्याचा खर्च तिथे बसत नाही.

कोटेशनवर सही करण्याआधी दोन्ही ठिकाणी काय पाहायचं ते सांगतो. जीएसटी धरून की वगळून, हे स्पष्ट लिहून घ्या. गरम पाण्याला सीपीव्हीसी (उष्णता सोसणारा प्लास्टिक पाइप) हवा, साधा यूपीव्हीसी प्लास्टिक पाइप चालत नाही. सीपीव्हीसीवर आयएस १५७७८ चा शिक्का बघा, आणि जाड भिंतीचा एसडीआर ११ धरला आहे की पातळ भिंतीचा एसडीआर १३.५, ते विचारा (एसडीआर म्हणजे पाइपचा व्यास आणि भिंतीची जाडी यांचं प्रमाण). दोन कोटेशनमधला फरक बऱ्याचदा इथेच असतो. गच्चीवरचा पाइप उन्हात राहणार, त्याला रंग किंवा आवरण त्याच किमतीत हवं. आगाऊ रक्कम पाव हिश्शाच्या पुढे नको, आणि शेवटचा हप्ता दाब देऊन चाचणी घेतल्यावर. रस्त्यावरच्या महापालिकेच्या लाइनपासून मीटरपर्यंतचा तुकडाही बदलायचा असेल तर परवानाधारक प्लंबर आणि रस्ते खोदायची परवानगी लागेल. पावसाळ्यात ती मिळणं अवघड, म्हणून तो विषय आत्ताच काढा.

आणि जुन्या पाइपांचं भंगार कोणाचं, हे सोसायटीच्या कोटेशनमध्ये लिहिलेलं नाही. गच्चीपासून खालपर्यंतचं लोखंड आहे, वजनावर विकलं जातं. कॉन्ट्रॅक्टर ते गुपचूप टेम्पोत घालून नेईल. त्याची रक्कम बिलातून वजा करायला सभेत सांगा.