सिमसिटी ४ या शहरे वसवण्याच्या संगणकावरच्या खेळात कोकणासारखा काल्पनिक प्रदेश उभारायचा आहे. पहिले शहर कुठे वसवावे आणि प्रदेशाची लोकसंख्या लवकर कशी वाढवावी?

पहिले शहर समुद्रकिनाऱ्यावर वसवू नका. खाडीत भरतीचे पाणी आत जिथवर पोचते आणि घाट उतरून आलेली वाट जिथे सपाटीला लागते, ती जागा शोधा आणि तिथे पेठ वसवा. तुमच्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर एवढेच आहे. दुसऱ्या भागातल्या ‘लवकर’ या शब्दाने मात्र माझ्या एका जुन्या वादावरची खपली निघाली आहे, त्यामुळे पुढचे उत्तर लांबणार आहे.

आधी पेठेचे कारण सांगतो. कुंभार्ली घाटाखाली चिपळूण आहे आणि त्याला लागून वाशिष्ठीवर गोवळकोटचे बंदर आहे. वरंधा घाट उतरले की सावित्रीच्या खोऱ्यात महाड लागते. राजापूर समुद्रापासून चांगलेच आत आहे, तरीही सतराव्या शतकात इंग्रजांनी वखार घातली ती तिथे, खाडीच्या मुखाशी नव्हे. घाटावरचा माल बैलांच्या पाठीवरून उतरायचा आणि अशाच ठिकाणी मचव्यांत, गलबतांत चढायचा. दोन वाहतुकींचा खांदेपालट जिथे होतो तिथे वखारी, धर्मशाळा आणि सावकार आपोआप येतात. खेळातही हे कारण निर्माण करता येते. औद्योगिक माल प्रदेशाबाहेर जाण्यासाठी शेजारच्या हद्दीतून जाणारा रस्ता, रेल्वे किंवा बंदर शोधत असतो. पूर्वेच्या कडेला घाटाचा एकच रस्ता बाहेर काढा, बंदर खाडीत ठेवा, म्हणजे पेठेला असण्याचे प्रयोजन मिळेल. चौकोनी रस्त्यांचे जाळे टाकून मग त्यात गाव ओतणाऱ्यांना हे कधीच साधत नाही.

नकाशाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण खेळ तुम्हाला येतो असे मी धरून चालतो. खेळातला प्रदेश चौकोनी तुकड्यांत विभागलेला असतो आणि प्रत्येक चौकोनात एक वेगळे शहर असते; खाडीचे दोन्ही काठ एकाच चार किलोमीटरच्या मोठ्या चौकोनात येतील अशी आखणी करा. दोन चौकोनांच्या हद्दीवर खाडी आली, तर ना पूल नीट होतो ना फेरीबोट. या खेळात पाण्याला एकच पातळी असते, ती म्हणजे समुद्राची. त्यामुळे खाडी फार सुंदर जमते, पण डोंगरातून खळाळत येणारा व्हाळ काही केल्या जमत नाही, आणि त्यावर डोके फोडण्यात अर्थ नाही. खाडीच्या दोन्ही अंगांना सपाट माथ्याचे सडे उचला आणि ते उघडेच ठेवा. जांभ्याच्या सड्यावर वस्ती नसते. वस्ती असते ती सड्याचा उतार आणि भाताची खाचरे यांच्या सांध्यावर, रस्त्याला धरून लांबच लांब. नवखे लोक नेमकी सड्यावर कॉलनी बांधतात, कारण तिथे जमीन सपाट मिळते, आणि मग प्रदेश कोकणासारखा दिसत नाही म्हणून प्रश्न विचारतात.

आता वादाकडे येतो.

मी गुहागर तालुक्यातला आहे. धोपाव्याहून दाभोळला जाणारी फेरीबोट आमच्या रोजच्या वापरातली आहे. ती नसेल तर समोर दिसणाऱ्या गावाला जाण्यासाठी चिपळूणवरून वळसा घालावा लागतो. त्यामुळे २००३ सालीच आलेल्या ‘रश अवर’ या विस्तारात फेरीबोटी मिळतात हे कळले, तेव्हा माझ्या प्रदेशाचा कणा मी त्यांनाच केले. खाडीच्या उगमाकडे संगमपेठ, मुखाशी उत्तर तीरावर तरीबंदर आणि दक्षिण तीरावर आगरवाडी, अशी तीन गावे होती. आगरवाडीचे लोक कामाला फेरीबोटीने तरीबंदरला जात आणि तिथून पुढे खाडीकाठच्या रस्त्याने पेठेला जात. धक्क्यापासून पेठेच्या रस्त्यापर्यंत एकच अरुंद गल्ली होती आणि त्या गल्लीतली दुकाने इतकी भरभराटीला आली होती की संपूर्ण प्रदेशात तेवढे व्यापारी मोल दुसऱ्या कोणत्याही जागेला नव्हते. खेळात दुकानांना समोरून जाणारी रहदारी म्हणजे गिऱ्हाईक असते. आमच्या खऱ्या धक्क्यावरही तेच आहे. बोटीची झडप खाली टेकते, आधी दुचाक्या सुटतात, मग गाड्या एकेक करून अंग चोरत वर चढतात, आणि पुढच्या बोटीसाठी थांबलेली माणसे तोवर वडापाव आणि कोकम सरबत घेऊन मोकळी झालेली असतात. थांबावे लागते म्हणूनच तिथे बाजार असतो.

गणपतीला पुण्याहून आत्येभाऊ आला. हा रस्तेबांधणीच्या व्यवसायातला माणूस, माझ्याहून मोठा, आणि घरात शब्दाला वजन असलेला. माझा प्रदेश पाहून त्याने पहिले वाक्य उच्चारले ते असे: “अरे, एवढी मोठी खाडी आणि अजून पूल नाही? तुझा प्रदेश असाच मागास राहणार.” मी म्हटले, “दादा, फेरी आहे ना.” त्यावर तो फक्त हसला. रात्री मी वाडीतल्या घरोघरच्या आरत्यांना गेलो, आणि परत येऊन पाहतो तो खाडीच्या मध्यावर एक लांबलचक पूल उभा होता. नुसता पूल बांधून तो थांबला नव्हता. सर्वांत वेगवान गतीने खेळ पुढे पळवून, वरून ते सगळे जतनही करून ठेवले होते.

तरीबंदरची गल्ली काळी पडली होती. ज्यांनी हा खेळ खेळला आहे त्यांना हे दृश्य माहीत आहे: इमारत ओस पडली की तिचे रंग जातात आणि ती धुरकटलेली दिसते. आगरवाडीची माणसे आता पुलावरून थेट पेठेला जात होती, फेरीच्या धक्क्याच्या आकड्यांत प्रवासी जवळपास उरलेच नव्हते, आणि गल्लीतून कोणी जात नाही म्हटल्यावर दुकानांनी माना टाकल्या होत्या. दादाने मात्र बोट ठेवले ते लोकसंख्येच्या आकड्यावर. तो खरोखरच वाढला होता, आणि हे मी तेव्हाही नाकारले नाही. आगरवाडीत नवी घरे आली होती आणि पेठेत मजले चढले होते. “याला विकास म्हणतात,” तो म्हणाला. पडवीत बसलेल्या काकांनी पान लावता लावता “मग बंदरातल्या लोकांनी काय करायचे?” असे विचारले, आणि तिथून जे सुरू झाले ते विसर्जनापर्यंत चालले.

माझ्याकडे प्रदेशाच्या फोल्डरची प्रत पेनड्राइव्हवर होती. या खेळात आपोआप जतन होण्याची सोय नाही आणि आमच्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, त्यामुळे प्रत काढून ठेवणे ही कोकणात खेळणाऱ्याची जुनी सवय आहे. तेव्हापासून तो प्रदेश दोन प्रतींत चालू आहे. एक पुलाची, जी दादा सुट्टीला आला की खेळतो, आणि एक फेरीची, जी माझी आहे. त्याच्या प्रतीत माणसे जास्त आहेत. माझ्या प्रतीत तीन गावे तीन वेगळ्या कारणांनी जगतात आणि त्यांतले कोणतेही दुसऱ्याच्या अंगणातली झोपण्याची खोली झालेले नाही. प्रदेश उभारणे म्हणजे हेच आहे, असे माझे ठाम मत आहे. मोठ्या आकड्याचे एकच शहर हवे असेल, तर प्रदेश कशाला, एकच चौकोन पुरे.

दादाचे लाडके वाक्य असे की ज्या प्रदेशातली माणसे वाढत नाहीत तो प्रदेश मेला. त्याला मी दर वेळी जनगणना दाखवतो. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे १६ लाख ९७ हजार होती, ती २०११ मध्ये सुमारे १६ लाख १५ हजार झाली. सिंधुदुर्गाचीही त्याच दशकात सुमारे ८ लाख ६९ हजारांवरून ८ लाख ५० हजारांच्या आसपास आली. म्हणजे आपल्या डोळ्यांसमोरचे दोन जिल्हे खेळाच्या हिशेबाने हरलेले आहेत. पण त्याच दशकात गावोगाव मातीच्या भिंती जाऊन चिऱ्याची घरे झाली, आणि ती बांधली मुंबईत राहणाऱ्यांनी. वर्षभर कुलूप असलेले घर गणपतीला आणि शिमग्याला उघडते, त्याला रंग दिलेला असतो, परसातल्या माडांचे नारळ शेजारच्याने उतरवून ठेवलेले असतात. खेळाला हे समजत नाही. त्याच्या लेखी घरात माणूस नाही म्हणजे घर ओस, आणि ओस म्हणजे काळे. चाकरमानी ही जात सिमसिटीत नाही. तिथला माणूस रोज सकाळी शेजारच्या शहरात जातो, पण चतुर्थीपुरता येत नाही. म्हणून कोकणासारखा प्रदेश करणाऱ्याने लोकसंख्येच्या आकड्यावर प्रदेशाची परीक्षा करू नये, कारण तो आकडा ज्या हिशेबाने मांडला आहे त्यात कोकण बसतच नाही.

पुराबद्दलही सांगितले पाहिजे, कारण मी पेठ खाडीच्या उगमाकडे वसवायला सांगितली आहे. या खेळातल्या आपत्तींत ज्वालामुखी आहे, यंत्रमानव आहे, पण पूर नाही. प्रत्यक्षात अशा पेठा पुराच्या तोंडी असतात. घाटातला पाऊस वरून उतरतो, खालून भरती चढते आणि दोन्ही पाणी बाजारात भेटते. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात काय झाले ते सर्वांना आठवत असेल. खेळ तुम्हाला शिक्षा करणार नाही म्हणून काठावरची सखल जमीन भरून टाकू नका. मी तिथे फक्त शेती आणि बंदर ठेवतो आणि घरे एक पायरी वर चढवतो. ही अट स्वतःवर घातली की पेठ उताराला धरून लांबत जाते आणि तिला खऱ्या गावाचा आकार येतो.

आता काही खुलासे, जे खरे तर आधी करायला हवे होते. वरचे सारे फेरीचे प्रकरण ‘रश अवर’ असेल तरच लागू आहे. मूळ खेळात फेरीबोट नाही. सिटीज स्कायलाइन्स या अशाच दुसऱ्या खेळात पाणी खरेच वाहते, त्यामुळे व्हाळ आणि पूर दोन्ही मिळतात, पण तिथे शेजारची शहरे तुम्ही स्वतः वसवत नाही, म्हणून प्रदेशाची मजा मला तरी तिथे येत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मी खऱ्या पुलांच्या विरोधात आहे असा अर्थ कोणी काढू नये. शेवटची बोट सुटल्यानंतर ज्यांच्या घरात कोणाला रुग्णालयात न्यायची वेळ आली आहे, त्यांना धक्क्यावरच्या बाजाराचे कौतुक सांगण्याची माझी छाती नाही. पूल हवेतच. माझे भांडण एवढेच आहे की पूल झाल्यावर जो धक्का बसतो त्याची नोंद दादासारखी माणसे कुठल्याच रकान्यात करत नाहीत. खेळातही पूल बांधायचाच असेल तर बांधा, पण आधी मुखाकडच्या गावाला स्वतःचा काही उद्योग द्या आणि मगच रहदारी वळवा.

तरीही लोकसंख्या लवकर वाढवायचीच असेल, तर पद्धत साधी आहे आणि ती सगळ्यांना माहीत आहे. एका सपाट चौकोनात स्वस्त घरांची वस्ती भरा, लगतच्या चौकोनात कारखाने ठेवा, दोहोंना आखूड रस्त्याने जोडा आणि कर सुरुवातीला कमी ठेवा. चौकोनांची जोडणी गोल फिरून परत येणारी करू नका, नाहीतर माणसे कामाच्या शोधात एका शहरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरत राहतात आणि कुठेच पोचत नाहीत. हा या खेळाचा जुना दोष आहे. ही सगळी भरती पूर्वेला, घाटमाथ्यावरच्या चौकोनांत करा आणि खाडीकाठ तिच्यापासून लांब ठेवा. दादाने त्याच्या प्रतीत ती नेमकी खाडीकाठी केली आहे. तिथे आता सकाळच्या वेळी पुलाच्या दोन्ही तोंडांशी गाड्या तुंबलेल्या असतात, आणि गेल्या दिवाळीत त्याने मला गंभीरपणे सांगितले की यावर उपाय म्हणजे दुसरा पूल.